पानाची शेवटची ओळ

बेबीने एकोणीस वर्षांत कुठल्याही पानाची शेवटची ओळ वाजवली नव्हती.

हे ऐकून कुणालाही वाटेल की बाई आळशी असणार, नाहीतर कच्ची. तसं काही नाही. वाद्यवृंदात व्हायोलिनवाले जोडीजोडीने बसतात आणि दोघांत मिळून नोटेशनचा एकच स्टँड असतो. प्रेक्षकांच्या बाजूला बसतो तो बाहेरचा, दुसरा आतला. पान संपत आलं की बाहेरच्याने वाजवत राहायचं आणि आतल्याने मध्येच थांबून पान उलटायचं, असा नियम आहे. वर गंमत अशी की पानाचा जो कोपरा धरून उलटायचं तो बाहेरच्याच्या नाकासमोर असतो. आतल्याला त्याच्यापुढून हात लांब करावा लागतो. हा नियम ज्याने केला तो स्वतः बाहेर बसत असणार, याबद्दल बेबीच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

म्हणजे व्हायचं काय, तर सूर रंगात आला की थांबा, उलटा, आणि पुढची अर्धी ओळ निघून गेल्यावर पुन्हा शिरा. सिनेमा ऐन भरात आला की दरवेळी तिलाच दार उघडायला उठवावं, तशातली गत. मोठमोठ्या रचना तिने शेकड्याने वाजवल्या होत्या, पण सगळ्या तळाशी कुरतडलेल्या.

आणि हे पान ती उलटत होती कुणासाठी, तर सख्ख्या थोरल्या भावासाठी. सेकंड व्हायोलिनच्या तिसऱ्या स्टँडवर दादा बाहेर आणि बेबी आत. दोघांना वडिलांनी एकाच खोलीत, सुरुवातीला एकाच व्हायोलिनवर शिकवलं होतं. दादा या खुर्चीवर अठ्ठावीस वर्षं बसत होता आणि सगळा वाद्यवृंद त्याला दादाच म्हणायचा. हिला म्हणायचे बेबीताई. एक्कावन्न वर्षांच्या बाईला अशी हाक मारताना कुणाला हसू येत नव्हतं, इतकी ती दोघं तिथे मुरली होती.

या वर्षी नवीन कंडक्टर आला आणि त्याने एक सिंफनी काढली.

एक तास वीस मिनिटांची सिंफनी. लिहिणाऱ्याला घरातून कुणी कधी जेवायला हाकच मारली नसावी, म्हणून तो थांबला नाही, असं ट्रॉम्बोनवाले म्हणत. दर तिसऱ्या ओळीला ताल बदलायचा. एका जागी तर निम्मा वाद्यवृंद तीनमध्ये आणि निम्मा चारमध्ये चालायचा, आणि कंडक्टर दोन हातांनी दोन वेगळे हिशेब दाखवत उभा असायचा. पहिल्या आठवड्यातच एका चेलोवाल्या गृहस्थांच्या मानेला पट्टा लागला. बासरीवाली बाई तालीम संपली की कुणाशी न बोलता तडक घरी जायची.

पण तिसऱ्या भागात एक जागा होती. सेकंड व्हायोलिनच्या नशिबी सहसा सूर येत नाही. गायचं ते फर्स्टवाल्यांनी, सेकंडवाल्यांनी खालून टेकू द्यायचा. इथे मात्र सगळे गप्प होतात, आणि सेकंडवाले एकटे एक सूर धरून वर चढत जातात. चढत चढत तारेच्या पार टोकाला, तीन उंच स्वरांवर पोचतात, आणि मग हळूहळू उतरतात. बेबीने तिच्या उभ्या आयुष्यात सेकंडच्या कागदावर असं काही छापलेलं पाहिलं नव्हतं. आणि ते तीन स्वर कुठे होते? पानाच्या शेवटच्या ओळीत. अगदी तळाला, उजव्या कोपऱ्यात. छापणारे सहसा एवढी माणुसकी दाखवतात की जिथे पान उलटायचं तिथे वाजवणाऱ्याला जराशी विश्रांती ठेवतात. हा छापणारा बहुधा सुट्टीवर निघाला होता.

बेबीने तरी ती जागा दोन महिने घरी घोटली. स्वयंपाकघरात, दूध तापेपर्यंत, भांडी निथळेपर्यंत. तिच्या नवऱ्याला दोन स्वरांतला फरक कधीच कळला नव्हता, तोसुद्धा दाढी करताना आरशासमोर तो सूर गुणगुणायला लागला. तिला ती अख्खी जागा पाठ झाली. आता फक्त ती वाजवायला मिळायची बाकी होती.

म्हणून ती आधी नोटेशन सांभाळणाऱ्या गृहस्थांकडे गेली. त्यांना सगळे खोडरबर म्हणत, कारण कार्यक्रम झाला की ते प्रत्येकाला बसवून पेन्सिलच्या खुणा खोडायला लावत. पुढच्या पानाची झेरॉक्स काढून बाजूला चिकटवू द्या, म्हणजे उलटायलाच नको, असं तिने सुचवलं. खोडरबरनी असं पाहिलं की जणू तिने त्यांची किडनी मागितली. कागद भाड्याने आणलेले आहेत, झेरॉक्स नाही, चिकटपट्टी नाही, करारात लिहिलंय, एवढं बोलून त्यांनी कपाट लावून घेतलं.

मग तिने दादाला म्हटलं, मला पाठ आहे, तूही पाठ कर, सूर खाली उतरला की मग सावकाश उलटते. दादाने चष्मा पुसला. मला कागद समोर लागतो, तू आपली वेळेवर उलट, एवढंच तो म्हणाला. हा तोच माणूस, ज्याने बाराव्या वर्षी नोटेशनचं अख्खं पुस्तक पाठ केलं म्हणून वडिलांनी बेबीला चार महिने टोमणे मारले होते.

तिसऱ्या भागाची पहिली तालीम मंगळवारी झाली. सूर वर चढू लागला, शेवटची ओळ आली, बेबीने गज तारेवरून उचलला, हात लांब केला आणि पान उलटलं. त्या घटकेला तिला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. शेजारून आवाजच येत नव्हता. पुढच्या स्टँडवरून येत होता, मागून येत होता, पण हातभर अंतरावरच्या दादाकडून काही नाही. तिला वाटलं, कानात दडा बसला असेल.

कंडक्टरने तीच जागा पुन्हा घेतली. या वेळी तिने उलटता उलटता तिरक्या नजरेने पाहिलं. दादाचा गज डौलात वरखाली होत होता, मान तल्लीन होऊन डोलत होती, आणि गज तारेला टेकतच नव्हता. केसभर वरून फिरत होता.

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. जिला वाजवायचंय ती पानं उलटतेय, आणि ज्याला वाजवायला मिळतंय तो हवेत गज फिरवतोय. असं करणारे असतात. अवघड जागा आली की गर्दीत लपून जाणारे प्रत्येक वाद्यवृंदात दोन-चार असतातच, आणि त्यांना सगळ्यात जास्त शिव्या कोण घालायचं, तर दादाच.

मधल्या सुट्टीत चहाच्या मशिनपाशी तिने त्याला गाठलं. ती तोंड उघडणार तेवढ्यात तोच म्हणाला, "पान उलटताना तुझं घड्याळ स्टँडला लागतं. काढून ठेवत जा."

बेबीने चहा तसाच ठेवला आणि परत जागेवर जाऊन बसली. मनगटावरचं घड्याळ तिने मुद्दाम काढलं नाही.

संध्याकाळी ती वहिनीच्या दुकानात गेली. वहिनी चष्म्याच्या दुकानात काम करायची. एका आजोबांना फ्रेम दाखवता दाखवता तिने बेबीचा चेहरा पाहिला आणि काय ते ओळखलं. आजोबा गेल्यावर तिने सगळं सांगून टाकलं, अगदी कुणी विचारायचीच वाट पाहत असल्यासारखं. दादाच्या डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट गेल्या हिवाळ्यापासून बधिर होती. मानेतली नस आहे, सुटेल किंवा नाही सुटणार, असं डॉक्टर म्हणाले होते. उजव्या बाहीचं बटण वहिनी लावून द्यायची. रोज पहाटे उठून तो प्रत्येक जागा दोन बोटांत बसवायचा, पेन्सिलने बारीक आकडे लिहायचा. बाकी सगळं कसंबसं बसलं. हीच एक जागा बसली नाही, कारण तिथे पंजा पूर्ण ताणल्याशिवाय वरचे स्वर हाताला लागतच नाहीत. निवृत्तीला तीन वर्षं होती. कळलं तर आजच घरी बसवतील, एवढीच त्याला धास्ती.

बेबीने विचारलं, मला का नाही सांगितलं. वहिनी म्हणाली, त्यांनी शपथ घातली होती, बेबीला कळलं की ती मला सांभाळायला लागेल म्हणाले.

याचाच बेबीला जास्त राग आला. हे सहा महिनेही ती त्याच्या शेजारीच बसत होती, त्याच्या श्वासावरून तिला सर्दी कळायची, आणि त्याला वाटलं ही आपल्याला सांभाळेल, जणू ती साथीचा रोग आहे आणि तिच्यापासून लांब राहायला हवं. कीवही आली. पण कीव येत होती तीसुद्धा रागाच्या मागे मागे, दबकत.

गुरुवारी घोडं अडलं. कंडक्टर तरुण होता, पण कान फार तिखट. सूर वर पोचला की तो बारीक का होतो, असं त्याने विचारलं. आतले लोक पान उलटतात, असं कुणीतरी सांगितलं. ते मी धरलंय, तो म्हणाला, निम्मे थांबले तर निम्मा आवाज यायला हवा, इथे निम्माही येत नाही. मग त्याने आपल्या कागदावर काहीतरी लिहिलं आणि जाहीर केलं की उद्या दहा वाजता ही ओळ प्रत्येक स्टँडवरचा बाहेरचा माणूस एकट्याने वाजवून दाखवेल, पहिल्या स्टँडपासून क्रमाने.

तीस-तीस वर्षं वाजवलेल्या माणसांची शाळेतल्यासारखी तोंडी परीक्षा, तीही सगळ्यांसमोर. ट्रॉम्बोनवाल्यांना सुद्धा विनोद सुचला नाही. दादाने शांतपणे गज सैल केला, व्हायोलिन पुसलं आणि पेटीत ठेवलं. पेटी बंद करायला त्याला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला, हे बेबीला पहिल्यांदाच दिसलं.

घरी दोघं नेहमीप्रमाणे दादाच्या गाडीने निघाली. दोन चौक मागे पडले.

"जागा बदलू," बेबी म्हणाली. "उद्या मी बाहेर बसते."

"का?"

"का काय विचारतोस? वहिनीने सांगितलं मला सगळं."

सिग्नल हिरवा झाला तरी गाडी जागची हलेना. मागून हॉर्न वाजायला लागले तेव्हा कुठे दादा भानावर आला.

"अठ्ठावीस वर्षं मी त्या खुर्चीवर बसतोय," तो म्हणाला. "परीक्षेच्या दिवशी उठलो तर आंधळ्यालासुद्धा कळेल."

"आणि बसलास आणि नाही वाजलं, तर?"

"वाजेल."

"कशाने? दोन बोटांनी?"

"तू तुझं पान बघ, बेबी. माझं मी बघतो."

झालं. तिचा तोल गेला. "पानच बघत आलेय," ती म्हणाली. "एकोणीस वर्षं तुझी पानंच बघत आलेय. दोन महिने मी ती ओळ पाठ करून बसलेय, आणि तू हवेत गज फिरवतोस. तुला नाही ना वाजवता येत, मग निदान मला तरी वाजवू दे."

बोलून गेल्यावर तिला लाज वाटली. भावाची नोकरी टांगणीला लागलेली, आणि आपल्याला पडलंय एका ओळीचं. पण जे बोलली ते खरं होतं आणि ते परत घेण्याएवढा मोठेपणा तिच्याकडे त्या घटकेला नव्हता. दादाने तिच्या दारापाशी गाडी थांबवली. ती उतरली तेव्हा म्हणाला, सकाळी साडेनऊला तयार राहा.

शुक्रवारी दहाला परीक्षा सुरू झाली. पहिल्या स्टँडवर सेकंडचे प्रमुख होते, त्यांनी वाजवलं, चांगलं वाजवलं, आणि संपल्यावर उगाच खोकले. दुसऱ्या स्टँडवरचा माणूस वरच्या स्वरावर चिरकला. कंडक्टरने त्याला नम्रपणे धन्यवाद दिले. त्या नम्रपणाने त्या माणसाचा चेहरा पांढरा पडला. मग कंडक्टरने तिसऱ्या स्टँडकडे पाहिलं.

दादाने व्हायोलिन खांद्यावर घेतलं. बेबीने स्वतःचं मांडीवर ठेवलं होतं आणि दोन्ही हातांनी घट्ट धरलं होतं. गज तारेवर ठेवून दादा थांबला. एवढा वेळ थांबला की मागे कुणाची तरी खुर्ची करकरली. मग त्याने व्हायोलिन खाली घेतलं.

"या स्टँडवर ही ओळ बेबी वाजवते," तो म्हणाला. "मी पान उलटतो."

सत्तर माणसं त्या हॉलमध्ये बसली होती आणि सत्तरच्या सत्तर जणांना माहीत होतं की बाहेरचा माणूस पान उलटत नाही. एकट्या कंडक्टरला इथल्या रीतीभाती अजून पुरत्या ठाऊक नव्हत्या. त्याने प्रमुखांकडे पाहिलं. प्रमुखांनी अंगावरचा नसलेला धागा काढला आणि म्हणाले, हो, तिसऱ्या स्टँडवर तसंच आहे.

मग सगळ्यांचे डोळे बेबीकडे वळले. न विचारता, न सांगता, सत्तर लोकांसमोर हिला उभी करून हा मोकळा. तिने व्हायोलिन उचललं ते निव्वळ संतापाने, आणि त्या संतापातच सुरुवात केली. सूर चढत गेला. शेवटची ओळ आली, दादाचा हात पुढे झाला आणि पान उलटलं गेलं, जरा लवकर आणि फार जोरात, तिच्या कपाळावरचे केस उडाले. पण तिला पाठ होतं. तीन स्वर एकापुढे एक लागले, मग ती उतरत उतरत खाली आली आणि थांबली.

असंच राहू दे, कंडक्टर म्हणाला, आणि चौथ्या स्टँडकडे वळला.

सुट्टीत बेबीने दादाला फैलावर घेतलं. आधी सांगता येत नव्हतं का, मला काय वाटलं असेल. दादा चहा ढवळत म्हणाला की काल गाडीत वाजवू दे असं तीच म्हणाली होती. ती पाय आपटत बाहेर आली, तर मागच्या स्टँडवरची उंच बाई भेटली. तिने बेबीचा हात हातात घेतला आणि बरं झालं बाई एकदाचं, असं म्हणाली. त्यांना सगळ्यांना गेल्या हिवाळ्यापासूनच माहीत होतं. उंच बाई अवघड जागी मुद्दाम मोठ्याने वाजवायची, दादाच्या खांद्यावरून. प्रमुखांनी दोन जागी गजाच्या खुणा त्याला सोयीच्या करून दिल्या होत्या. कुणी कुणाशी त्याबद्दल ब्र काढला नव्हता.

"तुम्हाला माहितीच असेल असं वाटलं आम्हाला," उंच बाई म्हणाली. "तुम्ही तर शेजारी बसता."

शेजारी बसते, पण तेव्हा मी पान उलटत असते, असं बेबीला ओरडून सांगावंसं वाटलं. अख्ख्या गावाला कळतं आणि बहिणीला कळत नाही, कारण बहीण कामात असते. तिने हात सोडवून घेतला आणि बेसिनपाशी जाऊन तोंडावर पाणी मारलं.

कार्यक्रम रविवारी दुपारी चारला होता. सभागृह भरलेलं. पुढच्या रांगेत एक बाई कागदाने वारा घेत होत्या, त्यांचा ताल पहिल्या भागाच्या तालाशी जुळत नव्हता आणि बेबीला तेही सहन होत नव्हतं. पहिला भाग पार पडला. दुसऱ्या भागात, निम्मे तीनमध्ये आणि निम्मे चारमध्ये चालतात तिथे, चेलोवाले एक ठोका मागे पडले आणि कंडक्टरने त्यांना डोळ्यांनी ओढून आणलं. दादा दोन बोटांनी वाजवत होता, हळू पण खरं, गज तारेवर टेकवून. बाकीची पानं नेहमीसारखी बेबीनेच उलटली. या एका पानाचं काम तेवढं दादाकडे होतं.

तिसरा भाग. सगळे गप्प झाले. सेकंडवाले निघाले.

बेबीने इतकं चांगलं कधी वाजवलं नव्हतं. हाताला सूर आपणहून येत होता, तिला फक्त वाट द्यायची होती. शेवटची ओळ आली. आजूबाजूच्या सगळ्या आतल्या लोकांनी गज उचलले, हात पुढे केले, पानांची सळसळ झाली. आणि बेबीचा हातही निघाला. तिने पाठवला नव्हता. एकोणीस वर्षं त्या हाताला हीच शिकवण होती, आजूबाजूचे निघाले की तोही निघतो. गज तारेवरून उठला, कोपऱ्याकडे गेला, आणि तिथे दादाचा हात आधीच होता. दोघांनी मिळून दोन पानं उलटली.

समोर भलतंच काहीतरी छापलेलं होतं. तिकडे बाकीच्या स्टँडवरच्या बाहेरच्यांच्या हातांत ते तीन स्वर होऊन गेले. बेबीच्या हातात पानाचा कोपरा होता.

तिला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली. तिने गज परत तारेवर आणला आणि उतरणारा सूर पकडला, पाठ होता म्हणून, समोर कागद नसताना. दादाने व्हायोलिन सरळ मांडीवर ठेवलं. दोन्ही हातांनी, प्रेक्षकांच्या देखत, त्याने एक पान मागे घेतलं, नीट दाबून बसवलं, आणि ती वाजवत होती नेमकी ती जागा बोटाने दाखवली. मग ते बोट सुरासोबत ओळीवरून सरकवत राहिला, लहानपणी तिला वाचायला शिकवायचा तसं. तिला बोटाची गरज नव्हती. ते काढ म्हणून सांगायची सोयही नव्हती. सूर संपेपर्यंत ते बोट तिथेच होतं.

पुढची पंचवीस मिनिटं तिने दात ओठ खाऊन वाजवली. शेवटी टाळ्या झाल्या, पुष्कळ झाल्या. कंडक्टरने सेकंडवाल्यांना वेगळं उभं केलं, असंही सहसा होत नाही. बेबी उभी राहिली आणि वाकली आणि मनातल्या मनात स्वतःला नको नको ते बोलली.

आतल्या खोलीत सगळे पेट्या भरत होते. खोडरबर खोडरबरांचा डबा घेऊन दारात उभे होते. दादा बाकावर बसून कपड्याने व्हायोलिन पुसत होता.

"तेच तीन गेले," बेबी म्हणाली. "दोन महिने घोटले, आणि नेमके तेच तीन."

"कळलं मला."

"माझा हात कापून टाकावासा वाटतोय."

"पुढच्या रविवारी पुन्हा आहे," दादा म्हणाला. "तेव्हा वाजव. मी खाली बसून ऐकेन."

"खाली म्हणजे?"

त्याने कपड्याची घडी घातली. शनिवारी मॅनेजरला राजीनाम्याची चिठ्ठी दिली, असं तो म्हणाला. आज शेवटचं. परवा प्रमुख माझ्यासाठी खोटं बोलले, मागची बाई सहा महिने माझं वाजवतेय, आता पुरे झालं. त्या खुर्चीवर तू बसायचंस, तेही बोलून झालंय.

"मला सांगायचंस तरी," बेबी म्हणाली. तिचा आवाज चढला आणि दोघा-तिघांनी वळून पाहिलं.

"सांगितलं असतं तर आज तीन नाही, अख्खी ओळ घालवली असतीस."

हे खरं होतं, आणि म्हणून तिला आणखी राग आला. शेवटचा कार्यक्रम, आणि तो तिने त्याच्यावर चिडण्यात घालवला. एकदाही नीट ऐकलं नाही, तो दोन बोटांनी काय वाजवत होता ते. अठ्ठावीस वर्षं एका खुर्चीवर बसलेला माणूस असा चिठ्ठी देऊन उठतो, आणि आपल्याला विचारत नाही, सांगत नाही, वर परस्पर खुर्ची वाटून मोकळा होतो. तिच्या डोक्यात एकदम सतरा गोष्टी आल्या आणि त्यातली सगळ्यात फालतू तोंडातून बाहेर पडली.

"आणि पान कोण उलटणार?"

"उलटेल की कुणीही," दादा म्हणाला. "त्याला काय लागतं, पान तर उलटायचं."

बोलला आणि थांबला. हातातला कपडा तसाच राहिला. त्याने बेबीकडे पाहिलं, मग तिच्या उजव्या हाताकडे पाहिलं, आणि त्याचे कान हळूहळू लाल झाले. तसं नाही म्हणायचं होतं मला, असं काहीतरी तो पुटपुटला.

बेबीला बोलायचं पुष्कळ होतं. एकोणीस वर्षांचं साठलेलं होतं आणि आत्ता ते ऐकून घेण्यावाचून त्याला गत्यंतर नव्हतं. पण तिला रडूच फुटलं, खोडरबरांसकट सगळ्यांसमोर, आणि त्याचाही तिला भयंकर राग आला.